धनी पाच, खातं एक

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात हमालाच्या पापण्यांवरसुद्धा पिवळी भुकटी बसलेली दिसते. सकाळी एका अडत्याची गाडी खाली करायची, दहा वाजता दुसऱ्याचा सौदा झालेला माल भरायचा, दुपारी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची. त्याचा मालक कोण, या प्रश्नाला धड उत्तर नाही. तरी नोंदणी झालेल्या हमालाचा पीएफ जमा होतो. माझी मावसबहीण मात्र तीन कामं करते आणि पीएफ एकाच कामाचा कापला जातो. हे असं का, ते कळायला बरंच मागं जावं लागतं.

कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, कायदा १९५२ चा. दोन्ही कायद्यांच्या डोळ्यांपुढं होता तो कारखाना: एक गेट, एक हजेरीपट, एक मालक. पीएफ सुरुवातीला सिमेंट, कापड, कागद, इंजिनिअरिंग अशा सहाच उद्योगांना होता. मोजणी आस्थापनेची व्हायची, माणसाची नाही. दिवसात पाच दारं फिरणारा माणूस या मोजणीत कुठंच बसत नव्हता.

त्यातून वाट काढली ती मुंबईत डोक्यावर पोती वाहणाऱ्यांनी. पाटण, जावळीकडची कितीतरी माणसं त्यात होती, आणि त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. या कायद्यातली युक्ती मला आजही फार हुशार वाटते. मालक शोधत बसायचंच नाही. हमाल माथाडी मंडळाकडे नोंदवायचा, ज्याचं पोतं उचललं त्या व्यापाऱ्यानं हमाली आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यानं लेव्ही मंडळात भरायची. टोळीच्या मजुरीची वाटणी तिथंच, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस तिथूनच. (लेव्ही चुकवण्याच्या वाटा व्यापाऱ्यांनी शोधल्याच, त्यावरची भांडणं यार्डाला नवी नाहीत.)

हीच रीत बाकीच्यांना का लावली नाही, याचं नवल वाटतं. बहिणीचंच घ्या. सकाळी हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब. तिथं माणसं वीसपेक्षा कमी, म्हणून पीएफची सक्ती नाही. दुपारी कुपवाड एमआयडीसीत अर्धवेळ, पगार ६,००० रुपये. तिचे १२ टक्के म्हणजे ७२० कापतात, कंपनी तेवढेच घालते. कंपनीच्या ७२० पैकी साधारण ५०० पेन्शन योजनेत जातात. रात्री घरी ब्लाउज आणि फॉल-पिको. त्या कमाईवर दुसरा हिस्सा घालणारं कुणीच नाही.

२०१४ मध्ये यूएएन, म्हणजे पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक आला आणि जुन्या-नव्या नोकऱ्यांची खाती एका क्रमांकाखाली आली. तेवढी सोय झाली. पण क्रमांक एक झाला तरी प्रत्येक आस्थापनेचं खातं वेगळंच राहतं, आणि पेढीचं किंवा शिलाईचं तर त्यात येतच नाही. स्वतःचं काम करणाऱ्याला १९६८ पासून पीपीएफ आहे, २०१५ पासून अटल पेन्शन. दोन्हींत पैसे आपलेच. २०१९ च्या श्रमयोगी मानधन पेन्शन योजनेत सरकार बरोबरीनं हप्ता भरतं, पण पीएफचा सभासद तिथं चालत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा) हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला. अॅप चालवणाऱ्या कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, मर्यादा कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के. संहिता लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. वाचताना ओळखीचं वाटतं ना? लेव्हीच ती, पोत्याऐवजी पार्सलवर. विश्रामबागच्या चौकात दोन-दोन अॅप उघडून ऑर्डरची वाट बघणाऱ्या पोरांना तिचा उपयोग व्हावा.

बहीण ना माथाडी, ना गिग. शिलाईच्या कामावर असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड निघतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती आधार घेऊन सेवा केंद्रात गेली होती. तिथल्या मुलानं एकच विचारलं, "ताई, पीएफ कापतो का कुठं?" हो म्हटल्यावर त्यानं आधार परत हातात दिलं.