टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या क्रीडापरंपरा

अमेरिकेत टेक्सस राज्यातील कॉलेज स्टेशन येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाचे खेळाडू आणि विद्यार्थी ‘ॲगी’ म्हणून ओळखले जातात. मुळात ही शेतकी व यांत्रिकी शिक्षणाची, लष्करी शिस्तीची संस्था. इथल्या बहुतेक क्रीडाप्रथांवर छात्रसेनेची छाप आहे.

सर्वांत प्रसिद्ध प्रथा ‘बाराव्या खेळाडू’ची. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे बलाढ्य सेंटर कॉलेजशी अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. एकामागून एक खेळाडू जायबंदी होऊ लागले, तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांनी ई. किंग गिल या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. तो पत्रकारांच्या कक्षात खेळाडू ओळखून देण्याचे काम करीत होता. जखमी सहकाऱ्याचा गणवेश अंगावर चढवून गिल सामना संपेपर्यंत मैदानाच्या कडेला सज्ज उभा राहिला. ॲगींनी २२-१४ अशी बाजी मारली. गिलला खेळावे लागलेच नाही. तरीही विद्यापीठाने पुतळा उभारला तो त्याचाच. विद्यार्थी आजही काइल फील्डवर अख्खा सामना उभ्याने पाहतात. या मैदानाची क्षमता लाखाहून अधिक आहे. ‘ट्वेल्थ मॅन’ (बारावा खेळाडू) हे नाव विद्यापीठाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असून त्यावरून २००६ मध्ये सिॲटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाशी झालेला वाद कोर्टात गेला व समझोत्याने मिटला.

सामन्याच्या आदल्या मध्यरात्री मैदानात घोषणांचा सराव होतो. पांढऱ्या पोशाखातले ‘येल लीडर’ हाताच्या खुणा करतात, त्यावरून हजारो जण एका सुरात घोषणा देतात.

‘रेव्हली’ ही कुत्री संघाची शुभंकर. १९३१ मध्ये छात्रांच्या गाडीखाली जखमी झालेली एक भटकी कुत्री त्यांनी वसतिगृहात चोरून आणली. सकाळचा ‘रेव्हली’ हा जागवणारा बिगुल वाजताच ती भुंकली आणि तेच तिचे नाव पडले. छात्रसेनेत तिचा हुद्दा सर्वोच्च. वर्गात ती भुंकली तर तास संपला, असा संकेत आहे. जुन्या रेव्हलींना मैदानाच्या उत्तर टोकाशी पुरले आहे. मैदानाच्या विस्तारात त्यांच्या समाधींसमोरचा गुणफलक झाकला गेला, म्हणून त्यांना गुण दिसत राहावेत यासाठी बाहेर छोटा फलक लावला. हा हट्ट जगावेगळा खरा, पण मनापासूनचा.

टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी पेटणारी लाकडांची प्रचंड होळी मात्र बंद झाली. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ओंडक्यांचा रचलेला ढीग कोसळून १२ जण दगावले, २७ जखमी झाले. त्या जागी २००४ मध्ये स्मारक उभे राहिले. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाबाहेर अनधिकृतपणे होळी सुरूच ठेवली आहे.