आय-स्क्वेअर आणि २५-५०-७५ चा पाडा

एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करताना त्यांच्यातला विसंवाद दाखवायला आय-स्क्वेअर हा आकडा वापरतात. विसंवादाचा प्रश्न जुना आहे. टायफॉइडच्या लशीबद्दल वेगवेगळ्या सैन्यतुकड्यांचे आकडे १९०४ मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हाच ते एकमेकांशी जुळत नाहीत हे नोंदवलं गेलं होतं. हा विसंवाद तपासणारी, आज वापरात असलेली क्यू चाचणी १९५४ ची. अभ्यास असे एकत्र करण्याला ‘मेटा-ॲनालिसिस’ हे नाव १९७६ चं आणि वैद्यकीय चाचण्यांसाठी रुळलेलं रँडम-इफेक्ट्सचं, म्हणजे प्रत्येक अभ्यासातला खरा परिणाम वेगळा असू शकतो असं धरणाऱ्या मॉडेलचं, सूत्र १९८६ चं.

क्यूचं दुखणं जुनंच आहे. अभ्यास मोजके असले की खरा फरकही तिच्या हातून निसटतो, म्हणून पी-व्हॅल्यूची (निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून जास्त फरक दिसण्याच्या शक्यतेची) मर्यादा ०.०५ ऐवजी ०.१० धरायची प्रथा पडली. अभ्यास भरपूर असले, तर किरकोळ फरकही तिला ‘लक्षणीय’ वाटतो.

त्यावर तोडगा म्हणून २००२ मध्ये आय-स्क्वेअर आला. दहा अभ्यास आणि क्यू ३६ असेल, तर ३६ मधून ९ (अभ्यासांच्या संख्येपेक्षा एक कमी) वजा करायचे, ३६ ने भागायचं. उत्तर ७५ टक्के. दिसणाऱ्या चढउतारातला किती वाटा निव्वळ योगायोगाने समजावता येत नाही, एवढंच हा आकडा सांगतो. पुढच्याच वर्षी २५ म्हणजे कमी, ५० मध्यम, ७५ जास्त अशी विशेषणं सुचवली गेली. सुचवणाऱ्यांनी ती तात्पुरती म्हटली होती आणि सरधोपट वर्गवारी सगळीकडे चालणार नाही असंही बजावलं होतं. लोकांनी पाडा तेवढा उचलला, इशारा सोडून दिला. नंतर अशा विश्लेषणांसाठीच्या कोक्रेनच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मुद्दाम एकमेकांवर चढणारे पट्टे दिले गेले: ० ते ४०, ३० ते ६०, ५० ते ९०, ७५ ते १००. तरी ‘आय-स्क्वेअर ५० च्या वर, म्हणून रँडम-इफेक्ट्स’ हे वाक्य शोधनिबंधांतून हटलं नाही. मॉडेल असं निवडू नये, हे त्याच पुस्तिकेत लिहिलेलं आहे!

मूळ गोम अशी की हा आकडा टक्केवारीतला वाटा आहे, फरकाचा आकार नव्हे. समजा, टाऊ-स्क्वेअर, म्हणजे अभ्यासांमधल्या खऱ्या फरकाचं व्हेरियन्स (विखुरलेपणाचं वर्गातलं माप), ०.०४ आहे आणि प्रत्येक अभ्यासाच्या स्वतःच्या चुकीचं व्हेरियन्सही ०.०४, तर आय-स्क्वेअर ५० टक्के. आता अभ्यास चौपट मोठे करा: चुकीचं व्हेरियन्स ०.०१ वर येतं आणि आय-स्क्वेअर ८० वर जातो. खरा फरक मात्र तसूभरही बदललेला नसतो. हा आक्षेप २००८ पासून ठळकपणे मांडला गेला. उलट बाजूने, चार-पाच छोट्या अभ्यासांत आय-स्क्वेअर शून्य आला, तरी त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची अनिश्चितता दाखवणारा पट्टा) ५० टक्क्यांपलीकडे सहज जातो. तो बहुतेक जण छापतच नाहीत.

२००९ नंतर प्रेडिक्शन इंटरव्हलचा, म्हणजे नव्या ठिकाणी खरा परिणाम कुठे असू शकेल हे दाखवणाऱ्या पट्ट्याचा, आग्रह वाढला, आणि तो रास्त आहे. रिस्क रेशो (औषध घेणाऱ्यांचा धोका भागिले न घेणाऱ्यांचा; १ च्या वर म्हणजे अपाय) सरासरी ०.८० आणि टाऊ-स्क्वेअर, लॉगरिदमच्या मापावर, तेच ०.०४ असेल, तर सरासरीतली अनिश्चितता बाजूला ठेवली तरी नव्या ठिकाणचा खरा परिणाम ९५ टक्के शक्यतेने साधारण ०.५४ ते १.१८ मध्ये कुठेही असू शकतो; म्हणजे काही ठिकाणी औषध अपायकारकही ठरेल. अर्थात, अभ्यास थोडे असले की टाऊ-स्क्वेअरचाच अंदाज डळमळीत असतो. त्यामुळे तो काढायला १९८६ च्या सूत्राऐवजी कोणतं वापरायचं, यावर सध्याचा वाद येऊन ठेपला आहे.