स्मिथ स्ट्रीटच्या अल्याड-पल्याड

कॉलिंगवूडच्या पाठीराख्यांना दात नसतात, हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला विनोद. मेलबर्नमध्ये कुणी आपला क्लब कॉलिंगवूड असल्याचे सांगितले की तो त्याला ऐकावाच लागतो. हे दात कधी पडले, हे समजायला शहराचा जुना नकाशा उघडावा लागतो.

खेळाचे नियम मेलबर्न क्लबच्या मंडळींनी १८५९ मध्ये लिहून काढले. १८९७ मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. त्यातले बहुतेक क्लब म्हणजे शहराचे एकेक उपनगर. कॉलिंगवूड आणि फिट्झरॉय यांच्यामध्ये फक्त स्मिथ स्ट्रीट, आणि फिट्झरॉय ओलांडले की कार्लटन. शनिवारी ज्यांच्याकडून हरायचे, त्यांच्याच शेजारी सोमवारी कामावर उभे राहायचे. अशा ठिकाणी टोमणे न मारता राहणेच अवघड होते.

कॉलिंगवूड क्लब स्थापन झाला १८९२ मध्ये, मंदीच्या दिवसांत, बुटांच्या कारखान्यांच्या गरीब वस्तीत. दाताच्या डॉक्टरकडे जायला पैसे नसलेली माणसे, हा त्या विनोदाचा मूळ अर्थ. म्हणजे ही टिंगल खेळाची कमी आणि परिस्थितीची जास्त होती. त्यातून या गरिबांच्या संघाने १९२७ ते १९३० अशी सलग चार विजेतेपदे पटकावली, मग तर इतरांचा जळफळाट विचारू नका. कार्लटनकडे मात्र पुढे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झिस यांच्यासारखे पाठीराखे आले. उतारवयात त्यांना मोटारीत बसूनच सामना पाहता यावा म्हणून मैदानाशेजारी खास सोय करण्यात आली होती.

या दोघांतल्या चिडवाचिडवीला कायमचा दारूगोळा मिळाला तो १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये. आपण बॉक्सिंग डे कसोटीमुळे ओळखतो त्याच एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक होते. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. कार्लटनने राखीव खेळाडू टेड हॉपकिन्सला उतरवले, त्याने चार गोल मारले (एका गोलचे सहा गुण) आणि कार्लटन १० गुणांनी जिंकले. १९५८ नंतर कॉलिंगवूडने १९९० पर्यंत एकही विजेतेपद मिळवले नाही. मधल्या काळात आठ ग्रँड फायनल गमावल्या. या ऐनवेळच्या थरथरीला ‘कॉलिवॉबल्स’ (इंग्रजीत ‘कॉलीवॉबल्स’ म्हणजे पोटात गोळा येणे) हे नाव दिले लू रिचर्ड्स यांनी, म्हणजे १९५३ च्या विजेत्या कॉलिंगवूड संघाच्या कर्णधारानेच! घरचा आहेर तो हा. पुढे पत्रकार झालेले रिचर्ड्स भाकिते करत आणि चुकली तर विचित्र शिक्षा भोगत. फुटस्क्रे क्लबचे दिग्गज खेळाडू टेड व्हिटन यांच्या घरचे गवत नखे कापायच्या कात्रीने कापायची पैज तर प्रसिद्धच आहे.

रिचमंडची गोष्ट अधिक गमतीची. १९९४ पासून बाद फेरीत आठ संघ जाऊ लागले आणि रिचमंड पुन्हा पुन्हा नेमके नववे येऊ लागले. क्लबचे नाव लोकांनी ‘नाइंथमंड’ करून टाकले. २०१३ मध्ये ते पाचवे आले. पण त्याच वर्षी पूरक औषधांच्या प्रकरणात एसेंडन क्लबला बाद फेरीतून वगळले, त्या जागी नववे आलेले कार्लटन आत घेतले गेले, आणि कार्लटनने रिचमंडलाच हरवले. नवव्या क्रमांकाने नाइंथमंडला घरी पाठवले! इतका जुळलेला योग विनोद करणाऱ्यांनाही सुचला नसता.

हे सगळे तोंडावर चालते, कारण इथे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकमेकांत मिसळून बसतात. पाठीराख्यांचे कोंडवाडे नसतात. पण टोमण्यांच्या नावाखाली बरेच काही खपवलेही गेले. १७ एप्रिल १९९३ रोजी कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्कवर वर्णद्वेषी शिव्या ऐकल्यावर सेंट किल्डा क्लबच्या निकी विनमार या आदिवासी खेळाडूने जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवले. १९९५ मध्ये लीगने याविरुद्ध नियम केला. तरी २०१५ मध्ये सिडनीच्या अ‍ॅडम गुड्स या आदिवासी खेळाडूची मैदानोमैदानी हुर्यो उडवली गेलीच, आणि ‘आम्ही फक्त खेळावरून बोलतोय’ ही ढाल तेव्हाही पुढे केली गेली. ती मला कधीच पटली नाही.

आता उपनगरांचे अर्थ बदललेत. फिट्झरॉयचा संघ १९९६ च्या अखेरीस ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला, कॉलिंगवूडमधली घरे महाग झाली; दातांचा विनोद मात्र तसाच आहे. २०२३ मध्ये कॉलिंगवूडने सोळावे विजेतेपद जिंकून कार्लटन आणि एसेंडन यांची बरोबरी केली, त्यामुळे तो मुद्दाही कार्लटनच्या हातून गेला. एसेंडनने तर २००४ नंतर २०२५ च्या हंगामापर्यंत बाद फेरीतला एकही सामना जिंकलेला नाही, आणि त्याला किती दिवस झाले याचा हिशेब इतर क्लबांचे लोक अगदी नेमाने ठेवतात.