मागितल्याशिवाय न वाढणारा वाढपी

गेल्या महिन्यात गल्लीत गटाराचं खोदकाम निघालं आणि आमच्या इंटरनेटची केबल त्यात तुटली. दीड दिवस नेट बंद. सुट्टीला आलेला भाचा मोबाइल हातात धरून घरभर येरझाऱ्या घालत होता. मी मात्र पुढच्या खोलीत लॅपटॉपवर बसून मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका लग्नपत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ सरळ करत होतो. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, “मामा, नेट नाहीये ना? मग हे कसं चालू आहे?”

“वायफाय आहे की,” मी राउटरकडे बोट दाखवलं.

“पण वायफाय म्हणजेच नेट ना?”

बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलाला असं वाटतं, तर इतरांचं काय सांगावं! राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, बहुतेक ठिकाणी १९२.१६८ ने सुरू होणारा. असे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे शेजाऱ्यांच्या घरातही नेमका तोच पत्ता असू शकतो. प्रत्येक इमारतीत फ्लॅट नंबर २ असतो, तसा. माझ्या लॅपटॉपनं १९२.१६८.१.७ ला धाडलेला निरोप राउटरपर्यंत जातो आणि तिथूनच मागच्या खोलीकडे वळतो. घराचा उंबरठा तो ओलांडतच नाही. बाहेरची केबल तुटली काय आणि राहिली काय, त्याला फरक पडत नाही.

मागच्या खोलीतला हा जुना डबा अजून ठेवलाय कशाला, असं घरात सगळेच विचारतात. त्याच्या पाठीमागे प्रिंटरसाठीचं जुनं २५ पिनांचं पोर्ट आहे आणि त्यात बोटभर लांबीचं डोंगल बसवलेलं आहे. ते असेल तरच जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या माझ्या शेकडो फाइली फक्त तिथंच वाचता येतात. दुसरीकडे उघडल्या, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. नव्या लॅपटॉपला हे पोर्टच नाही. जुना मॉनिटर केव्हाच गेला आणि त्या खोलीत उकडतंही फार. म्हणून यंत्र तिथंच ठेवलं आणि त्याचा पडदा इकडे आणला. त्यासाठी वापरतो ते व्हीएनसी, म्हणजे एका कॉम्प्युटरचा पडदा दुसऱ्यावर दाखवणारं आणि तिथूनच चालवू देणारं सॉफ्टवेअर.

आता थोडं गणित. त्या यंत्राच्या पडद्यावर १०२४ गुणिले ७६८ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याचा रंग ४ बाइटांत लिहिला, तर पूर्ण पडद्याचे ३१,४५,७२८ बाइट होतात. यंत्राचं नेटवर्क कार्ड सेकंदाला १०० मेगाबिटचं, म्हणजे फार तर सव्वा कोटी बाइट. सगळं सुरळीत चाललं, तरी सेकंदाला चारच चित्रं जातील. सिनेमाला २४ लागतात. मग मी ‘क’ टाइप केला, की तो लगेच कसा उमटतो?

माझा जीव अडकलाय तो याच्या उत्तरात.

पंगतीत दोन तऱ्हेचे वाढपी असतात. एक जिलबीचं ताट घेऊन धावत येतो, पानात जागा असो वा नसो, आग्रहानं वाढत सुटतो. दुसरा कोपऱ्यात उभा राहतो; तुम्ही हात केलात, की पानात काय संपलंय ते बघतो आणि तेवढंच वाढतो. व्हीएनसीच्या मुळाशी असलेला आरएफबी हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन यंत्रांनी आपसांत बोलायची ठरलेली रीत, दुसऱ्या जातीचा. जुना कॉम्प्युटर आपणहून चित्र पाठवत नाही. लॅपटॉप आधी मागणी करतो. ही मागणी १० बाइटांची असते. पहिला बाइट सांगतो, की ही मागणी आहे. दुसऱ्यात ० असेल तर ‘सगळं पुन्हा दे’, १ असेल तर ‘मागच्या वेळेनंतर बदललं तेवढंच दे’. उरलेल्या ८ बाइटांत पडद्यावरच्या एका आयताचा कोपरा, रुंदी आणि उंची. पडद्यावर काहीच बदललं नसेल, तर समोरचा गप्प बसतो. मागणी हातात धरून ठेवतो आणि काहीतरी हललं, की मगच उत्तर देतो.

मी ‘क’ दाबतो. ‘की दाबली’ असा ८ बाइटांचा निरोप जातो, ‘की सोडली’ असा तितकाच दुसरा. तिकडे अक्षर उमटतं आणि १२ गुणिले २० ठिपक्यांचा, समजा, एक आयत बदलतो. त्याचे ९६० बाइट, वर पत्ता वगैरेंचे आणखी १६. साडेएकतीस लाखांचं काम हजाराच्या आत उरकलं! शिवाय हे आयत कॉम्प्रेस करून पाठवायच्या पद्धती आहेत. पांढऱ्या कोऱ्या पानाचा मोठा आयत असेल, तर ‘हे सगळं पांढरं’ एवढंच सांगून भागतं.

खरी गंमत स्क्रोल करताना. पान ४० ठिपके वर सरकलं, की जवळजवळ सगळेच ठिपके बदलतात. पण त्यातलं नवीन किती? तळाची ४० ठिपक्यांची पट्टी. बाकी चित्र लॅपटॉपकडे आधीच आहे, फक्त जागा चुकीची आहे. म्हणून जुनं यंत्र म्हणतं, “तुझ्याच पडद्यावरचा अमक्या कोपऱ्यापासूनचा भाग उचल आणि इथं ठेव.” याला कॉपीरेक्ट म्हणतात. आयताचं वर्णन १२ बाइट आणि उचलायच्या जागेचे ४, असे १६ बाइट. आयत नखाएवढा असो वा पडद्याएवढा, सोळाच!

आणि वायफाय मंदावलं तर? लॅपटॉप कमी वेळा मागतो, एवढंच. मी खिडकी ओढत नेत असेन, तर मधल्या जागा दिसत नाहीत. खिडकी उड्या मारत जाते, पण शेवटी असायला हवी तिथंच असते. मधली चित्रं शिळी झाली म्हणून कुणी साठवून ठेवत नाही. आग्रही वाढप्यानं ती सगळी रांगेनं वाढली असती आणि मी माउस सोडल्यावरही पडद्यावर मिनिटभर कालचीच खिडकी फिरत राहिली असती.

हे सुचलं ते इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये, ऑलिवेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत. स्वतःचं डोकं जवळजवळ नसलेला, नेटवर्कवर नुसता दाखवण्याचं काम करणारा पडदा बनवायच्या खटपटीतून ते आलं. १९९८ मध्ये ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर यांनी त्यावर लेख लिहिला. यातले स्टॅफर्ड-फ्रेझर १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत असताना दुसऱ्या एका उद्योगात सामील होते. कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखायचा आणि त्याचं चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर आणायचं, म्हणजे कॉफी उरली आहे का हे बघायला जिने चढावे लागत नाहीत. आळसानं विज्ञानाचं भलं केल्याची उदाहरणं मोजायला बसलो, तर हा लेख संपणार नाही.

दाखवणारा पडदा बिनडोक असल्याचा एक फायदा मी रोज घेतो. अर्धा शब्द टाइप केलेला असताना लॅपटॉपची बॅटरी संपली, तर फोनवरून जोडतो. कर्सर त्याच अर्ध्या शब्दापुढे लुकलुकत असतो. सगळं मागच्या खोलीतच घडत असतं. इकडे असतं ते नुसतं दर्शन.

जुन्या यंत्राला जड जाते ती वेगळीच गोष्ट. नेमकं काय बदललं, हे त्याला कळणार कसं? त्यावरचं विंडोज एक्सपी दर वेळी सांगत नाही. मग व्हीएनसीचा सर्व्हर, म्हणजे जुन्या यंत्रावर चालणारा त्याचा भाग, पडद्याची जुनी प्रत जवळ ठेवतो आणि ताज्या चित्राशी ताडून बघत राहतो. यात त्या यंत्राचा बिचारा प्रोसेसर, पेंटियम ४, घामाघूम होतो. रंग कमी करणं आणि वॉलपेपर काढणं, हे त्यावरचे उतारे. सर्व्हर जोडणी झाल्यावर वॉलपेपर आपोआप लपवतो आणि तुटल्यावर परत लावतो. हे मी आईला सांगायला विसरलो. एकदा तिनं लॅपटॉपवर बघितलं, तर एक्सपीवरचा गणपती गायब! “देव उठून गेला, आज काही मोठं काम करू नकोस.” मी जोडणी तोडली, तिला मागच्या खोलीत नेलं आणि शेजारून आणलेला मॉनिटर लावून दाखवलं, की गणपती जागेवरच आहे. तिचं समाधान झालं, पण त्या दिवशी पत्रिका छापायला द्यायची नाही, हे कायम राहिलं.

दुरून कॉम्प्युटर चालवायची विंडोजची स्वतःची सोय, आरडीपी, का नाही, असं कुणी विचारेल. ती ठिपक्यांऐवजी बरेचदा ‘इथं रेघ काढ, इथं अक्षर ठेव’ अशा सूचना धाडते आणि चपळ आहे. पण माझ्याकडे एक्सपीची होम आवृत्ती आहे आणि तिच्यात बाहेरून येणारी जोडणी स्वीकारायची सोयच दिलेली नाही.

एक मात्र पक्कं. मूळच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात आणि जोडणी झाल्यावर जे जातं-येतं ते सगळं उघड्यावर वाहतं. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. म्हणून राउटरमध्ये त्या यंत्राचं इंटरनेट मी बंद केलंय, आणि व्हीएनसीचं ५९०० नंबरचं पोर्ट (हे पिनांचं नव्हे, नेटवर्कवरचं दार) बाहेरून उघडायचा विचारही करत नाही. आपल्या यंत्राचा कंट्रोल दुसऱ्याला देणारी ॲप वाईट नसतात. पण फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला त्यातला कोड वाचून दाखवला, तर तुमचा माउस त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबाबत सावध केलं होतं.

भाच्याला आता हे आवडलंय. पलंगावर लोळत तो फोनवरून माझ्या जुन्या फाइली उघडतो. परवा मध्येच ‘डोंगल सापडत नाही’ अशी पाटी आली. मोलकरणीच्या झाडूचा धक्का लागून ते सैल झालं होतं. ते दाबून बसवायला त्याला उठून मागच्या खोलीत जावंच लागलं.