आनापान म्हणजे प्राणायाम नव्हे

‘आनापान प्राणायाम’ असा जोडशब्द हल्ली जिथे तिथे दिसतो, आणि दर वेळी वाईट वाटतं. एका वर्गात तर ‘4 आकडे मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, हेच आनापान’ असं शिकवताना मी समोर बसून ऐकलं. मोजून घेतलेला श्वास चांगलाच, पण तो प्राणायाम झाला. आनापान म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा नुसता जाणणं.

प्राणायाम तुम्हाला ठाऊक आहे. पूरक (श्वास घेणं), कुंभक (रोखणं), रेचक (सोडणं), अनुलोम-विलोम, भ्रामरी. योगसूत्रांत पतंजलींनी व्याख्याच ‘श्वासप्रश्वासयोर्गतिविच्छेदः’ अशी केली आहे, म्हणजे श्वासाच्या चालू गतीत मुद्दाम खंड पाडणं. (कपालभातीला मात्र कृपा करून प्राणायाम म्हणू नका. हठयोगप्रदीपिकेत ती षट्कर्मांत, शुद्धिक्रियांत येते.)

आनापान हा पाली शब्द. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या आनापानसति सुत्ताची सुरुवातीची सूचना साधी आहे: श्वास लांब असेल तर तो लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचं. लांब करायचा, असं तिथे म्हटलेलं नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले, हे दोन्हीकडे सारखंच. मांडी घालायची की खुर्चीत बसायचं यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी गफलत पुढे होते. ‘नुसतं बघायचं, त्यात काय अवघड?’ असंच मलाही वाटलं होतं. 15 वर्षांच्या अनुलोम-विलोमानंतर मी इगतपुरीला 10 दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसले. तिथे पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर लक्ष ठेवलं आणि श्वास आपोआप लांब, संथ, सुरेख झाला. छान जमतंय असं वाटलं. दुपारपर्यंत छाती भरून आली, खांदे कानाला लागले. विचारायला गेले तेव्हा सहायक आचार्य ताईंनी एवढंच विचारलं, “श्वास येतोय, की तुम्ही घेताय?”

मी घेत होते. श्वासाकडे लक्ष गेलं की त्याला आपला हात लागतो, हीच ती अडचण. त्याहून फसवा भाग असा, की ‘आता नैसर्गिक घेते’ म्हणून तो सरळ करायला जाणं हेही घेणंच. तिथे करायचं एकच: आपण ओढतोय हे जाणायचं, बस. डावी नाकपुडी चोंदली, तर ती चोंदली आहे हे कळलं की काम झालं, उघडायची नाही. श्वास उथळ असो, धडधड असो, बैठक वाया गेली असं समजू नका. स्पर्श अजिबातच कळेनासा झाला तर थोडा वेळ जरा जोराने श्वास घ्यायची मुभा असते, मग पुन्हा सोडून द्यायचा. आकडे नाहीत, मंत्रही नाही.

प्राणायामाने मन शांत होतं, हे मी अनुभवाने सांगते. पण ती शांतता आपण घडवतो. आनापानात शांत व्हायची अटच नसते, म्हणून आपण जसे आहोत तसे दिसतो. मला दिसलं की मी कशालाच आपल्या चालीने चालू देत नाही. उतू न जाणाऱ्या दुधाखालचा गॅस कमी करते, लेकीचं वाक्य मधेच पुरं करते, तसाच श्वासही नीट करत होते. 15 वर्षांच्या प्राणायामात हे कधी लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे नीट करणं हीच साधना होती.

शिबिरात 10 दिवस प्राणायाम बंद ठेवायला सांगतात, तेव्हा काहींना तो योगाचा अपमान वाटतो. तसं नाही. जाणायला बसलेल्या माणसाचा हात पुन्हा पुन्हा श्वासाकडे जाऊ नये, एवढंच त्यामागे आहे. घरी मी दोन्ही करते, पण वेगवेगळ्या वेळी: प्राणायाम पहाटे, आनापान संध्याकाळी दिवेलागणीला.