व्हाइस स्टँड

वर्कशॉपमधला जड व्हाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा जबड्यांचा शिकंजा) बसवण्यासाठी जमिनीवर स्वतंत्र उभा केलेला लोखंडी, ओतीव किंवा लाकडी खांब. टेबलाच्या कडेला बसवलेल्या व्हाइसपाशी एकाच बाजूने काम करता येते. स्टँडवरच्या व्हाइसभोवती मात्र चहूबाजूंनी फिरता येते, आणि लांब अँगल किंवा ट्रॉलीची दांडी पकडली तरी मध्ये काही आडवे येत नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या मशीन शॉपपासून निपाणी, चिकोडी, अथणीच्या वेल्डिंग दुकानांपर्यंत असे स्टँड दिसतात. ते बहुधा विकत आणलेले नसतात. दुकानातच, निम्मे भंगारातून केलेले असतात.

स्टँड करताना सगळे लक्ष व्हाइसच्या वजनाकडे जाते, आणि तिथेच गणित चुकते. १५० मिमी जबड्याचा व्हाइस सुमारे २५ किलोचा असतो. एवढे वजन साधे चार पायांचे स्टूलही पेलते. दांडी आवळल्यावर जबड्यांत टनाच्या घरात दाब तयार होतो, पण तो व्हाइसच्या अंगातच राहतो, स्टँडपर्यंत उतरत नाही. स्टँडला छळतात त्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत: पान्ह्याला पाईप घालून दिलेला आडवा ओढा, कानशीचे पुढेमागे रेटणे आणि हातोड्याचा घाव. पहिल्याने स्टँड उलथतो, दुसऱ्याने हलतो, तिसऱ्याने नटबोल्ट सैल होतात.

उलथण्याचा हिशेब सोपा आहे. सहा इंची, म्हणजे १५० मिमी पोकळीचा पाईप ८०० मिमी लांब घेतला, खाली ६०० × ६०० मिमीची १२ मिमी जाड प्लेट, वर २५० मिमी चौरस १६ मिमीची प्लेट, आणि पाईपमध्ये काँक्रीट भरले, तर व्हाइससकट वजन ११५ किलोच्या आसपास जाते. त्यात तळप्लेट सुमारे ३४ किलो आणि काँक्रीटही तेवढेच. तळाच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतर ०.३ मीटर असल्याने, १ मीटर उंचीवरच्या जबड्यापाशी साधारण ३५ किलोचा आडवा ओढा लागला की पलीकडची कड उचलू लागते. गडी अंग टाकून ओढू लागला तर एवढा जोर सहज लावतो. म्हणजे नुसते वजन वाढवत जाण्यापेक्षा तळ रुंद करणे स्वस्त पडते. तळाची बाजू ६०० ऐवजी ८०० मिमी केली तर बाकी काही न बदलता हाच आकडा पन्नाशी ओलांडतो, कारण रुंदीबरोबर प्लेटचे वजनही वाढते.

तीन पायांचा स्टँड ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, म्हणून तो अनेकांना आवडतो. पण पायांचे मध्यापासूनचे अंतर तेच ठेवले तर तीन पायांत मध्य ते कड (दोन शेजारच्या पायांना जोडणारी रेषा) हे अंतर त्याच्या निम्मे भरते आणि चार पायांत ७० टक्के. खडबडीत अंगणात हलके काम असेल तर तीन पाय ठीक. जड व्हाइसला चारच बरे. आणखी एक युक्ती कमी वापरली जाते. तळप्लेट पुढे इतकी वाढवायची की काम करणारा तिच्यावर उभा राहील. मग त्याने व्हाइसला दिलेला ओढा त्याच्याच पायांतून प्लेटवर परत येतो आणि बाहेरून ढकलणारे कोणी उरत नाही. स्टँड जमिनीत रोवता येत नसेल, भाड्याच्या गाळ्यात असेल, तर याहून चांगला उपाय नाही.

उंची ठरवायची ती माणसाच्या कोपरावरून. सरळ उभे राहून हात दुमडला की कोपर जबड्याच्या माथ्याला लागावे. बहुतेक पुरुषांना हे माप १ मीटर किंवा किंचित जास्त येते. बारीक कानसकामाला थोडे उंच चालते, छिन्नी-हातोड्याला थोडे खाली. एकाच स्टँडवर अनेक हात फिरत असतील तर उंच माणसाच्या मापाने करावा आणि ठेंगण्यासाठी खाली लाकडी पाट टाकावा. उलटे करता येत नाही. व्हाइसची स्वतःची उंची १८०–२०० मिमी असते, ती मोजूनच पाईप कापावा. व्हाइसचा स्थिर जबडा वरच्या प्लेटच्या कडेबाहेर यायला हवा, नाहीतर लांब दांडा उभा पकडताच येत नाही.

वेल्डिंगला सुरुवात करण्याआधी पाईपची दोन्ही तोंडे काटकोनात कापलेली आहेत का, हे गुण्याने बघावे. टाके समोरासमोर मारत जावे. एका बाजूने सलग वेल्डिंग केले तर खांब तिकडे झुकतो, मग ओळंब्यात आणायला घण लागतो. तळाशी आणि माथ्याशी ८ मिमीचे चार चार गसेट (कोपऱ्याला आधार देणारे त्रिकोणी तुकडे) लावावेत. व्हाइसची भोके प्लेटवर उतरवून आरपार बोल्ट घालावेत, स्प्रिंग वॉशर आणि दुहेरी नटासह. भरण्यासाठी वाळू घ्यायची तर ती कोरडी ठणठणीत हवी. ओली वाळू आतून गंज धरवते आणि हे वर्षानुवर्षे कळत नाही. काँक्रीट जास्त जड, आणि पाईपचा घणघणाटही मारते.

सीमाभागात जमिनीचा प्रश्न तालुक्यागणिक बदलतो. अथणी, रायबाग, चिकोडीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ओतलेला काँक्रीटचा ठोकळा कलतो, म्हणून माती काढून मुरूम ठोकून मगच ओतकाम करावे. खानापूरकडे जांभ्याची पक्की जमीन मिळते, पण पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. तिथे तळप्लेटच्या खालच्या अंगालाही रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग आणि स्क्रूला ग्रीस हवेच. शहाबादी फरशीत थेट अँकर बोल्ट ठोकू नयेत. फरशी चिरते आणि बोल्ट उपटतो. फरशी काढून खाली काँक्रीट भरावे लागते.

बेळगावशी या कामाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले; १९१० मध्ये कारखाना कुंडलजवळच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. बेळगावात मात्र फौंड्र्या वाढतच राहिल्या. त्यामुळे इथे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, स्टँड हा पर्यायही आवाक्यातला असतो. बीड कंप शोषते, त्यामुळे कानसकामाला ते उत्तम. पण थेट घाव बसला तर तडकते. गावातल्या लोहाराची रीत याहून निराळी. तो बाभळीचा ओंडका जमिनीत पुरतो आणि त्याला पायाचा व्हाइस जोडतो. या व्हाइसचा लांब पाय जमिनीला टेकलेला असल्याने घणाचा मार सरळ खाली जातो. तापलेले लोखंड वाकवायचे असेल तर आजही त्याला तोड नाही, आणि शहरी दुकानांनी तो टाकून दिला हे नुकसानच झाले.

हत्तरगीच्या विमानभाग कारखान्यांसारख्या ठिकाणी काम संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर होते, तरी कडेची बर (कापताना राहिलेले धारदार कंगोरे) हाताने काढण्यासाठी व्हाइस लागतोच. फक्त तिथे जबड्यांना ॲल्युमिनियमचे किंवा फायबरचे आवरण असते. खरा मार बसतो तो ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या दुकानांत. गळीत हंगामाच्या तोंडावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ट्रॉलीच्या पिना, हूक आणि पाट्यांवर दिवसरात्र घण चालतो. हंगामापूर्वी एकदा चारही बोल्ट आवळून घेणे आणि गसेटच्या वेल्डला तडा आहे का ते बघणे एवढीच या स्टँडची देखभाल.