कथेतला दयावीर

सामाजिक कळकळीने लिहिलेल्या कथांमध्ये दोन जाती सहज एकमेकींत मिसळतात. दोन्हींत गरीब माणूस असतो, अन्याय असतो, वाचकाचे डोळे ओले होण्याची सोय असते. लिहिणाऱ्याची तळमळही दोन्हीकडे खरी असते, म्हणून फसगत आधी त्याचीच होते. एक कथा पात्राची कीव करते. दुसरी पात्राच्या जागी जाऊन उभी राहते.

नागपूरचा एप्रिल घ्या. ऊन तापायला लागलं की कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूला बसवलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या, बदलणारे गल्लीगल्लीत दिसू लागतात. सायकलला वुडवुलचे, म्हणजे ताटीत भरायच्या लाकडाच्या बारीक तंतूंचे, गठ्ठे, पिशवीत सुतळी आणि पक्कड. समजा, धरमपेठेतल्या एका फ्लॅटमध्ये असा माणूस आला आहे आणि घरातल्या बाई ही गोष्ट सांगताहेत.

पहिल्या जातीच्या कथेत पुढे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. घामाने चिंब बनियन, हाताला भेगा, शून्यात लागलेली नजर. बाईंना भरून येतं. त्या माठातलं पाणी देतात, पन्नास रुपये वर देतात. तो हात जोडून म्हणतो, 'ताई, देव तुमचं भलं करो.' रात्री कूलरच्या गारव्यात बाईंना झोप लागत नाही. समाप्त.

दुसऱ्या कथेत तो आल्या आल्या जुन्या ताटीवर बोट फिरवतो, नखाने पांढरा थर खरवडतो आणि विचारतो, 'बोअरचं पाणी टाकता ना जी?' बाई उगाच ओशाळतात. कूलरची मोटर जळली असं समजून त्या नवी आणायला निघाल्या आहेत. त्याला मात्र दिसलंय की नुसती वायर ढिली झाली आहे. सांगायचं की नाही? नवी मोटर त्याच्या ओळखीच्या दुकानातून आली तर चार पैसे सुटतील. पण वरच्या मजल्यावरची दोन कामं याच बाईंच्या शब्दावर मिळायची आहेत. तो मनात हिशेब मांडतो, मग म्हणतो, 'मोटर चांगली हाय. वायर बसवून देतो. मजुरी लागन पण.' बाई म्हणतात, मागच्या वर्षी तर दीडशेच घेतले होते. 'मागच्या साली वुडवुल काय भाव होतं जी?' पाणी तो मागतच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली त्याच्या सायकलला लटकलेली आहे.

गरिबी दुसऱ्या कथेतही तेवढीच आहे. फरक असा की इथे त्या माणसाला काहीतरी ठरवायचं आहे. त्याला हातचं राखता येतं, गिऱ्हाईक ओळखता येतं, थोडी लबाडी सुचते आणि ती तो बाजूला ठेवतो. पहिल्या कथेत तो फक्त दिसतो. ठरवणं, देणं, रात्री जागणं ही सगळी कामं बाईंकडे.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने ही गाठ फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, शोक आहे, दया नव्हे. दया सापडते ती वीररसात. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने वीराचे चार प्रकार सांगितले: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. दयावीर म्हणजे दया करणारा, ज्याच्यावर दया होते तो नव्हे. दयेच्या गोष्टीचा नायक देणाराच असतो, हे त्या पंडितांना स्वच्छ दिसलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी 'करुण' कथा या हिशेबाने वीरकथा ठरतात आणि त्यातला वीर बहुतेक वेळा लेखक असतो. (दिवाळी अंक चाळताना हा खेळ करून बघा, वेळ बरा जातो.)

नागपूरकराला कीव का बोचते हे निराळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमली ती कोणाची सहानुभूती मागायला नव्हे. दलित लेखकांनी मराठीतल्या मध्यमवर्गीय कळवळ्याविरुद्ध जी तक्रार केली तिचं मूळही इथेच आहे: तुमच्या कथेत आम्ही कायम हात जोडून उभे असतो.

रशियन कथाकार चेकॉव्हने १८९२ मध्ये लीदिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून सल्ला दिला होता. दुःखी माणसांबद्दल लिहून वाचकाला हलवायचं असेल, तर लिहिताना स्वतः जरा थंड राहा. हे ऐकून लोक दचकतात, कारण थंडपणा म्हणजे बेफिकिरी असं वाटतं. पण लेखक आधीच रडून मोकळा झाला, की वाचकाला करायला काही उरत नाही.

शेतीवरच्या कथांत तर ही गल्लत नेहमीची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. यावर लिहायला बसलं की हात आपोआप अडाणी मजूर, निर्दयी दुकानदार आणि टाहो फोडणारी बायको यांच्याकडे जातो. आता त्याच्या जागी उभं राहून पाहा. कपाशी छातीच्या वर गेली आहे. तोंडाला फडकं बांधलं की दम कोंडतो. आज शेत पुरं झालं नाही तर मालक उद्या दुसरा माणूस लावेल. औषधाचा वास डोक्यात जातो हे त्याला कळतं, तरी तो फडकं खाली ओढतो. ते का, हे वाचकाच्या अंगात उतरलं की अडाणी हा शब्द लिहिण्याची हिंमत होत नाही. आणि दुकानदाराला नुसतं निर्दयी करून भागत नाही. त्यालाही उधारीवरचा माल खपवायचा आहे, गावातच राहायचं आहे. त्याच्या डोक्यात शिरणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. आतून दाखवलेला दुकानदार उलट जास्त दोषी वाटतो, कारण त्याला माहीत काय होतं ते आपण पाहिलेलं असतं.

अशा कथा वाचून माणसं चांगली होतात का? २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने म्हटलं की साहित्यिक कथा वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता तात्पुरती का होईना वाढते. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले, तर तो परिणाम दिसला नाही. म्हणजे समाज बदलण्याची हमी कथेच्या पाठीवर लादण्यात हशील नाही.

खर्डा हातात असेल तर एक काम लगेच करता येतं. बिचारा, केविलवाणा, भाबडा, शून्य नजर, सुरकुतलेले हात हे सगळं खोडून टाका. जागोजागी भोकं पडतील. ती दुसऱ्या विशेषणांनी बुजत नाहीत, त्यासाठी माहिती लागते. ताटी बदलणारा पावसाळ्यात काय करतो? नवी ताटी पहिल्या दिवशी पिवळट पाणी सोडते तेव्हा तो गिऱ्हाइकाला काय सांगतो? खस आणि वुडवुल यात तो स्वतःच्या घरी काय लावतो, की त्याच्या घरी कूलरच नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून ठरवू नका. सकाळी दहाच्या आत, ऊन चढायच्या आधी, त्याला गाठून विचारा. दुपारी त्याला बोलायला फुरसत नसते.